चष्मा घालवायचाय, पण कुणाच्या हातून?

मुलीचा चष्मा लेसरने घालवायचाय, म्हणून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी २१ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांना मायनस ५.०० नंबर आणि ०.५० सिलेंडर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, होता. यंदा मायनस ५.५० आणि सिलेंडर १.२५. लग्नकार्यात कॉन्टॅक्ट लेन्स लावते. उन्हाळ्यात डोळे खाजतात, लहानपणापासून चोळायची सवय. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं : आत्ता लेसर नको, लेन्स बंद करा, चोळणं बंद करा, तीन आठवड्यांनी पुन्हा टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा, करू आणि नंबर वर्षभर पाहू. दुसऱ्या ठिकाणी लेन्स तिथल्या तिथे काढायला लावून तपासणी झाली, बुबुळाची जाडी ४९८ मायक्रॉन भरली, 'केस एकदम फिट आहे' असं सांगण्यात आलं आणि शनिवारपर्यंत पैसे भरले तर सवलत मिळेल म्हणे. वडील विचारतात : दोघंही एमएस आहेत, मग जास्त क्वालिफाइड कोण? आणि सोलापुरात करावं की पुण्याला न्यावं?

मुलगी माझी असती तर मी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो असतो. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी सोलापुरात २७ वर्षं डोळ्यांचं काम करतोय. बहुतेक मोतीबिंदू आणि काचबिंदू. लेसरने नंबर घालवायचं काम मी स्वतः करत नाही. एकदा मशीन घ्यायचं मनात आलं होतं, पण त्याचा हप्ता भरायचा तर महिन्याला किती डोळे लागतील याचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो. हप्ता डोक्यावर असताना समोरच्या पोराला 'तुला नको' म्हणणं जड जातं, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे. त्यामुळे मी फक्त चिठ्ठी देऊन पाठवतो, आणि ऑपरेशननंतरची माणसं वर्षानुवर्षं पाहतो. खुश असलेली पुष्कळ, रडणारी थोडी. पण निवड कुठे चुकली ते रडणाऱ्यांकडूनच कळतं.

पाटीवरच्या अक्षरांचं आधी उरकून घेऊ. एमबीबीएसनंतर नेत्ररोगात एमएस किंवा डीएनबी झालेला माणूस डोळ्यांचा पूर्ण शिकलेला सर्जन. जुन्या पिढीत डीओएमएस हा डिप्लोमा असलेलेही पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींचा हात असा की मी माझा डोळा त्यांच्यापुढे ठेवीन. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. तो नोंदणीचा नंबर दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असायलाच हवा, नियमच आहे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतो. चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट वेगळे, त्यांचं काम मोलाचं आहे पण ते सर्जन नव्हेत. एवढी खात्री पाच मिनिटांत होते. पण त्याने कळतं ते इतकंच, की माणूस डोळ्यांचा डॉक्टर आहे. बुबुळावरच्या लेसरचं काम त्याने कुठे आणि किती दिवस शिकलं, ते वेगळं विचारावं लागतं. कॉर्निया आणि रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीची वर्षा-दोन वर्षांची फेलोशिप ही एक गोष्ट. मशीन विकणाऱ्या कंपनीने दिलेलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही दुसरी. कंपनीचं प्रशिक्षण लागतंच, त्याशिवाय मशीनला हात लावू नये. पण त्यात भर मशीन चालवण्यावर असतो, कुणावर चालवू नये यावर तेवढा नसतो.

आणि मशीनच्या नावावरून डॉक्टर निवडू नका. लोक माझ्याकडे येऊन 'स्माइल चांगलं की कॉन्टुरा' असं लेसरच्या पद्धतींची नावं घेऊन विचारतात, जणू मोबाइलचं मॉडेल. ज्या एक्सायमर लेसरने बुबुळ घासून नंबर काढायला सुरुवात झाली, त्याची गोष्ट ऐका. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा ते डब्यासारखा प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर लेसर मारला. आजूबाजूला काही न जळता स्वच्छ खाच पडली. हाच गुण पुढे डोळ्याच्या कामी आला. म्हणजे कापायचं किती आणि कुठे, ते सांगितलं की हा लेसर तेवढंच कापतो. चुकतो तो सांगणारा. म्हणून सगळा भर ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीवर.

आता तुमच्या मुलीचे आकडे घेऊन बसू. माझ्याकडे तिचे नकाशे नाहीत, त्यामुळे हे निदान समजू नका. पण डॉक्टर काय हिशेब करतो ते तुम्हाला दिसेल.

बुबुळाचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड. तिचा ४९८ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला जरासा कमीच. लॅसिक ही लेसरने नंबर घालवायची नेहमीची पद्धत. तिच्यात वरचा एक पापुद्रा उचलतात, तो फ्लॅप. समजा ११० मायक्रॉनचा. मग खालचा भाग लेसरने घासायचा. साडेसहा मिलिमीटरच्या झोनमध्ये, म्हणजे घासायच्या गोलात, एक नंबर काढायला ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात. तिचा ५.५० आणि सिलेंडर १.२५ मिळून ६.७५, म्हणजे जवळजवळ ९५ मायक्रॉन. ४९८ मधून ११० आणि ९५ वजा केले की खाली २९३ उरतात. आमच्याकडे २५० च्या खाली कधीच जायचं नाही असा जुना दंडक आहे, आणि सावध माणसं २८० ते ३०० राखतात. त्या हिशेबाने केस 'बसते'. दुसऱ्या ठिकाणी 'फिट' म्हणाले ते बहुधा यावरूनच.

पण दुसरा एक हिशेब असतो. एकूण जाडीपैकी किती भाग दुखावला? ११० अधिक ९५, म्हणजे ४९८ पैकी २०५ : ४१ टक्के. ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की बुबुळ पुढे कधीतरी सैल पडून फुगण्याचा धोका वाढतो, असं आम्ही मानतो. म्हणजे एका गणितात पास, दुसऱ्यात काठावर नापास. इथे हुशारी करणारा झोन सहा मिलिमीटरवर आणतो. मग नंबराला १२ मायक्रॉनच लागतात, एकूण ८१, टक्का ३८ वर येतो आणि कागद स्वच्छ दिसतो. फक्त ते पोरीला सांगायचं राहतं. अंधारात जिची बाहुली मोठी होते तिला लहान झोनमुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. फ्लॅप न करता वरच्यावर लेसर मारायचा, पीआरके म्हणतात ते, हाही मार्ग असतो. त्यात चार-पाच दिवस डोळा चुरचुरतो आणि नजर हळूहळू येते, पण पापुद्र्याची जाडी वाचते. जास्त नंबर आणि पातळ बुबुळ असेल तर बुबुळ न घासता डोळ्यात लेन्स बसवतात, आयसीएल. त्याचे धोके वेगळे आहेत, कारण ते डोळ्याच्या आत शिरून केलेलं ऑपरेशन. ज्याच्या दुकानात फक्त टॉवेल आहेत, तो चादर मागायला आलेल्यालाही टॉवेलच दाखवणार. तेव्हा डॉक्टर यातलं काय काय स्वतः करतो आणि तुमच्या मुलीसाठी बाकीचे मार्ग का सोडले, हे विचारा.

हे सगळं झाल्यावरही मला आकड्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त खटकतात. एक, वर्षात सिलेंडर ०.५० वरून १.२५ झाला. नंबर किमान वर्षभर स्थिर असावा, इकडे-तिकडे अर्ध्याच्या आत, तोवर लेसर नाही, हे पहिल्या पानावरचं आहे. कारण लेसर आजचा नंबर काढतो, उद्या वाढणारा नाही. त्यातही नुसता मायनस वाढणं वेगळं आणि सिलेंडर वाढणं वेगळं. सिलेंडर म्हणजे बुबुळाचा आकार एका बाजूने वाकडा. तो विशीत वाढायला लागला की कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, केरॅटोकोनस, डोक्यात यायलाच हवा. आणि दोन, चोळणं. ॲलर्जीने डोळे चोळणारी मुलं आणि केरॅटोकोनस यांची जोडी जुनी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, धुरळा, यंत्रमागाची सुताची कणी. डोळे खाजणारी पोरं माझ्या ओपीडीत मार्च ते जून रांगेने असतात. आई सांगते, 'मूठ करून चोळतंय बघा, ऐकतच नाही.'

अशा डोळ्यावर लेसर मारणं म्हणजे आधीच सैल असलेली भिंत आतून खरवडणं. आणि खरंच तसं आहे की नाही हे टोपोग्राफीच्या नकाशावरून कळतं. पेंटाकॅमसारख्या मशीनवर बुबुळाची मागची बाजूही दिसते, जिथे आजार आधी दिसू लागतो. पण कॉन्टॅक्ट लेन्स लावून आलेल्या डोळ्याचा आकार लेन्सने दबून बदललेला असतो. सॉफ्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा जास्त बंद ठेवल्याशिवाय नकाशा खरा येत नाही. लॉबीत लेन्स काढली आणि दहा मिनिटांत मशीनवर बसवलं, तो नकाशा चांगला आला तरी भरवशाचा नाही, वाईट आला तरी नाही. पहिल्या डॉक्टरांनी तीन आठवडे मागितले ते म्हणून.

हे मी एवढं लांबवून का सांगतोय? माझ्या हातून एक झालंय. २०११-१२ चा सुमार. यंत्रमागाचा कारखाना असलेल्या घरातला मुलगा, २३ वर्षांचा, लग्न ठरत होतं. मी नंबर पाहिला, पडदा पाहिला, दोन्ही चांगले, आणि एका मोठ्या शहरातल्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी दिली. चोळतोस का, हे विचारलं नाही. कारखान्यात बसून दिवसभर चोळायचा. ऑपरेशन झालं, पेढे घेऊन आला. अडीच वर्षांनी परत आला तेव्हा चार नंबरचा सिलेंडर, आणि बुबुळ खाली फुगलेलं. मग सीथ्रीआर करावं लागलं, म्हणजे रायबोफ्लेव्हिनचे थेंब टाकून अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करायचं. फुगणं थांबलं, नजर परत आली नाही. आता कडक लेन्स घालतो. चष्मा परवडला असता, असं तो म्हणत नाही, मी म्हणतो. ऑपरेशनआधीचा नकाशा मी नंतर मागवून पाहिला. खालच्या भागात तिरपेपणा होता, ज्याला दाखवून दिला असता त्याला दिसला असता. पाहायचं ज्याचं काम होतं त्याने पाहिलं नाही, आणि विचारायचं ज्याचं होतं तो मी.

तेव्हापासून मी पाठवताना एकच गोष्ट बघतो. त्या सर्जनने माझे पाठवलेले पेशंट परत पाठवलेत का? दहा पाठवले आणि दहाही झाले, तर मी अकरावा पाठवत नाही. तुम्हीही विचारा : 'डॉक्टर, तुम्ही कुणाला नाही म्हणता?' चांगला सर्जन या प्रश्नाने खुलतो, पाच मिनिटं बोलत बसतो. पातळ बुबुळ, कोरडे डोळे, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, काही सांधेदुखीचे आजार, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, एकच डोळा कामाचा असलेला माणूस. 'आमच्याकडे सगळ्यांचं होतं' असं उत्तर आलं तर उठा.

बोलायचं मात्र सर्जनशीच. मोठ्या ठिकाणी बाहेर एक काउन्सेलर बसतो, त्याच्यापुढे रंगीत तक्ता असतो : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. बोलायला गोड असतो, पण त्याने डोळा पाहिलेला नसतो. ऑपरेशन कोण करणार, त्याचं नाव संमतिपत्रावर आहे का, ऑपरेशनआधी तो स्वतः नकाशा तुमच्यापुढे उघडून बसला का? सर्जन बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येणार असेल, तर रात्री डोळा दुखायला लागला की फोन कुणाला करायचा? सवलतीची शनिवारची मुदत तर मला नेहमी गमतीची वाटते. डोळा भाजीपाला नाही, सोमवारी शिळा होत नाही.

तपासणीच्या दिवशी आणखी दोन गोष्टी झाल्या की नाही ते बघा. थेंब टाकून नंबर पाहिला का? तरुण डोळा जोर लावून मायनस नंबर जास्त दाखवतो. थेंबांनी तो जोर सुटतो. आणि बाहुली मोठी करून पडदा पाहिला का? मायनस ५-६ नंबरच्या डोळ्याची लांबी जास्त असते, पडदा कडेला ताणून पातळ होतो, बारीक छिद्रं पडू शकतात. लेसरने चष्मा गेला तरी डोळा आतून तेवढाच लांब राहतो, आणि पडद्याचा धोकाही राहतो. छिद्र असेल तर आधी त्याच्याभोवती वेगळा लेसर करून घ्यावा लागतो. त्या दिवशी तीन-चार तास वाचता येत नाही आणि ऊन सोसत नाही, तेव्हा तिला एकटीला स्कूटीवर पाठवू नका.

डोळ्याच्या ओलाव्याची पट्टी लावून तपासणी हीदेखील आपल्या हवेत महत्त्वाची. लेसरने बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात, काही महिने डोळा कोरडा पडतो. पुण्यातल्या पावसाळी हवेत जो डोळा निभावतो, तो इथल्या एप्रिलमध्ये सारखे थेंब मागतो.

सोलापूर की पुणे? गावाचं नाव हा निकष नव्हे. इथेही नकाशा नीट वाचणारे आहेत, तिथेही उरकणारे आहेत. इथे करायचं तर मशीन रोज वापरलं जातं का, रोज सकाळी त्याची जुळणी तपासतात का, खोलीतलं तापमान आणि दमटपणा राखलेला असतो का, वीज गेली तर काय, हे विचारायला लाजू नका. एक्सायमर लेसरला हवेतला फरक चालत नाही. पुण्याला करायचं तर ऑपरेशन झालं की संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने परत, असं करू नका. दुसऱ्या दिवशीची तपासणी तिथेच करून घ्या, आणि जमलं तर आठवडाभर तिथेच नातेवाइकांकडे राहा. फ्लॅपची सुरकुती किंवा त्याच्याखालची सूज पहिल्या काही दिवसांतच दिसते, आणि ती वेळेवर दिसली तर सुधारते. नंतरच्या एक आणि तीन महिन्यांच्या तपासण्या इथला डॉक्टर करू शकतो, पण त्याच्याशी आधी बोलून ठेवा. ऑपरेशननंतर पेशंट अचानक दारात उभा राहिला की कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

वेळ निवडताना पंचांग बघाच, पण या कारणासाठी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी करू नका. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्यात गर्दीत उभं राहिलं की अक्षता तोंडावर येतात, वर यात्रेतली धूळ. रंगपंचमीच्या आधीचा महिना तर नकोच. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर, हा माझा आवडता काळ, फक्त फटाक्यांपासून लांब.

पैशांचं एवढंच : एका डोळ्याचे सांगतायत की दोन्ही, तपासण्या, थेंब, वर्षभराच्या भेटी आणि नंबर थोडा राहिला तर पुन्हा करायचा खर्च त्यात धरलाय का, हे लिहून घ्या. विम्यातून मिळेल असं धरू नका. आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबरचा लेसर सहसा वगळलेला असतो. ज्याने तुम्हाला नाव सुचवलं त्याला काही मिळतं का, हेही विचारू शकता. कमिशन घेणं-देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही, तरी होतं. हा प्रश्न मलाही विचारतात, मला राग येत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण सोलापुरात ती विचारावी लागते, कारण इथे रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे आणि निम्म्या घरांत कुणीतरी भरतीचा अभ्यास करत असतं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी लेसर केलेला उमेदवार चालत नाही. सैन्यदलात काही जागांसाठी चालतो, पण वय, ऑपरेशनला झालेला काळ, बुबुळाची जाडी अशा अटी असतात. मुलीच्या मनात असं काही असेल तर त्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचा. ऑपरेशन उलटं फिरवता येत नाही.

आणि तिला आत्ताच सांगून टाका की चाळिशीनंतर वाचायचा चष्मा येणारच. 'लेसर करूनही चष्मा लागला' म्हणून भांडायला येणारी चाळिशीतली माणसं मी दरवर्षी पाहतो. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढीच त्यांची चूक.

सध्या करायचं काम सोपं आहे. लेन्स बंद. खाज सुटली तर थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका, त्यांनी काचबिंदू झालेली पोरं मी सांभाळतोय. चष्म्याच्या दुकानातल्या आणि दवाखान्यातल्या जुन्या चिठ्ठ्या शोधा, दहावी-बारावीपासूनच्या. वर्षावार सिलेंडर कसा सरकला ते त्यातच दिसेल, आणि पहिल्या डॉक्टरांना त्याचाच उपयोग होईल. दुसऱ्या ठिकाणच्या तपासणीची फाइलही मागून घ्या, नकाशांच्या रंगीत प्रती मागा. तुमच्या मुलीच्या डोळ्याचे कागद आहेत, द्यायला हवेत. पुढे लेसर झालाच तर ऑपरेशनआधीचे सगळे आकडे घरात जपून ठेवा, दागिन्यांच्या कपाटात ठेवा हवं तर. साठीला तिला मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना घासलेलं बुबुळ आमचं गणित चुकवतं, आणि त्या वेळी माझ्यासारखा कुणीतरी समोर बसून तिला विचारेल की लेसरच्या आधीचा कागद आहे का.